पत्र्यावरचे टायर

दिवाळीची सुट्टी लागली आणि विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत तीन पोरं लोकांच्या कुंड्यांखालच्या बशा उपड्या करत सुटली. पुढे सुहाना, मागे तेजस्विनी आणि बुद्धभूषण. कुणी हटकलं की तेजस्विनी गोड बोलायची, बुद्धभूषण टोमणा मारायचा. सुहाना तोवर पुढची बशी उपडी करायची. धाकटा भाऊ फैझल डेंग्यूने दवाखान्यात पडला, तेव्हापासून तिच्या आतला मेन स्विच कुणीतरी बंद केल्यासारखा झाला होता. अम्मी रडायची, हिचे डोळे कोरडे.

डोक्यात एकच गोष्ट खिळ्यासारखी रुतली होती. डॉक्टरांनी अम्मीला सांगितलं होतं, की डेंग्यूचे चार प्रकार असतात. एकातून उठलेल्या पोराला दुसऱ्याने गाठलं, तर ते दुखणं पहिल्याहून वाईट निघू शकतं. फैझल सावरत होता. लवकरच घरी यायचा होता. याच घरी, याच डासांत. त्याच्या आधी डासांचं मूळ सापडायला हवं होतं.

सेक्रेटरी बाळकाकांना ते केव्हाच सापडलं होतं. सगळी घाण मागच्या वस्तीतून येते, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. वस्तीकडच्या छोट्या फाटकाला साखळी घातली आणि भिंतीपलीकडे धुराचं यंत्र फिरवलं. माणसं खोकून बेजार झाली, डास मजेत राहिले. बुद्धभूषण त्याच वस्तीतला. मैत्रिणींकडे यायचं तर त्याला आता मोठ्या गेटावर सही करावी लागे.

शेवटची कुंडी तपासून तिघं पायरीवर बसली. तेजस्विनीने आदल्या दिवशी वाचलेलं सांगितलं. हा डास मूळचा आफ्रिकेतला. जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांत बसून तो जगभर गेला, आणि त्याचा आशियातला भाऊबंद तर जुन्या टायरांतून समुद्र ओलांडून गेला. आता शंभरावर देशांत डेंग्यू आहे.

"आणि त्याला कुणी सही मागितली नाही," बुद्धभूषण म्हणाला. मग एकदम थांबला. "टायर? अगं, टायर तर तुमच्याच पार्किंगवर आहेत."

सोसायटीची एकही खिडकी वस्तीकडे उघडत नव्हती. बिल्डरला तो देखावा विकायचा नव्हता. पण बुद्धभूषणच्या माळ्यावरून पार्किंगचा पत्रा तळहातासारखा दिसायचा. तिघं तिथे चढली. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून बाळकाकांनी त्यांवर जुने टायर टाकून ठेवले होते. नटबोल्टचा खर्च वाचला होता. परतीच्या पावसाचं निवळशंख पाणी टायरांत साचलं होतं आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

मुलांनी तक्रार केली तशी बाळकाकांनी टायर रिकामे करून घेतले, फडक्याने टिपून घेतले, आणि होते तिथेच परत ठेवले. अंडी पाण्यात नाही, काठाला चिकटतात, कोरडी असली तरी महिनोन् महिने टिकतात, असं तेजस्विनीने त्यांना समजावून पाहिलं.

"तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी," बाळकाका म्हणाले. "टायर कोरडे ठणठणीत आहेत. अभ्यासाला लागा."

सुट्टीत अभ्यास! तेजस्विनी चिडून निघाली. सुहाना मात्र जागची हलली नाही. तिने सपाट आवाजात सुट्टीच्या प्रकल्पासाठी त्यांतला एक टायर मागितला.

"काका, पाणी मात्र आपल्याच हाताने घाला. आपल्या फिल्टरचं. आमचं पाणी घाण असलं तर?"

काका खूश झाले. त्यांनी एक मोठा जग भरून पाणी आणलं आणि स्वतः ओतलं. सुहानाने टायरवर जुन्या मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं. टायर सोसायटीच्या ऑफिसात राहिला आणि किल्ली काकांच्या खिशात.

फराळाच्या दिवशी सगळी सोसायटी खाली जमली. मुलांनी टायर मधोमध आणवला आणि काकांनाच कापड सोडायला लावलं. पाण्यात अळ्यांची लगबग चालली होती. आज्या पुढे झाल्या, लाडू हातात धरून वाकल्या.

"हे पाणी—" काकांनी सुरुवात केली.

"आपलंच आहे, काका," सुहाना म्हणाली.

मग कुणालाच हसू आवरलं नाही. टायर त्याच दिवशी गेले, पत्र्याला नटबोल्ट लागले, आणि वस्तीकडच्या फाटकाची साखळी काकांना स्वतः सोडावी लागली. त्यांनी ती सोडली, पण माफी मागितली नाही. अशी माणसं मागत नाहीत.

फैझल घरी आला तेव्हा सोसायटीने तिघांचा सत्कार ठेवला. थोरांनी तोंडभरून कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. सुहानाला काहीच वाटेना. काकांनी तिच्या हातात भेट ठेवली: काचेची बरणी, बरणीत पाणी, पाण्यात शुभशकुनाचं बांबूचं रोप.

तिने बरणीकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत बरणी तिरकी केली आणि पाणी फरशीवर ओतून दिलं.

"कुंडीत लावेन," ती म्हणाली. "मातीत."

फैझलने येऊन तिचा हात धरला. "आपा, पाय भिजले ना माझे," तो कुरकुरला. त्याचा हात तापाने पोळत नव्हता; नेहमीसारखा गार होता, लाडवाने चिकट झालेला. सुहानाने तो सोडला नाही, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला हुंदका आला.