त्र्याहत्तर नंबरची कॅसेट

जुन्या मित्राचं, निंबाचं, पत्र येऊन अकरा दिवस झाले होते. उत्तर द्यायचं राहिलं, असं रुपचंद नाना स्वतःला सांगत. खरं म्हणजे त्यांनी ते दिलंच नव्हतं.

पिंपळनेरहून आलेलं साधं पत्र. ‘नाना, मना पोऱ्या चोर नही शे. कॅसेटींची यादी तुम्ही केली होती. आमच्या रत्नाच्या सासरी दाखवायला दोन ओळी लिहून धाडा.’

नानांचा सगळा जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत गेला. दोन ओळी लिहायला कितीसा वेळ? पण त्या यादीत नानांची एक चूक होती. ती त्यांनी गुपचूप झाकली होती.

आज दुपारी रत्नाचा फोन आला. “नाना, हे चार वाजता माझ्या भावावर, स्वप्नीलवर, पोलिसांत तक्रार द्यायला निघताहेत. तो चोरी कबूल करेपर्यंत मी माहेरी पाय ठेवायचा नाही म्हणतात. या ना!”

रत्नाच्या सासरी, मेहरूणच्या घरातल्या एका खोलीत, तिचा नवरा नीलेश जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जपत असे. एकशे चाळीस; नंबर घालून यादी नानांनी केलेली. ऊन-धूळ नको म्हणून खिडकीला पत्रा ठोकलेला. नाना आत शिरले, नीलेशने दार लावलं. जूनचा उकाडा अंगावर आला. नानांचा जीव कोंडला.

“पप्पांनी सुरतेहून आणलेली ही,” नीलेश म्हणाला. “तीन आठवड्यांपूर्वी पिना पुसायला उघडली, तर आतली सर्किटची पट्टी कोरी करकरीत. नकली!”

“त्याआधी कधी उघडली होती?”

“खंडेनवमीला. तेव्हा खरीच होती. मग दिवाळीत स्वप्नील इथे झोपला. त्यानंतर तो आला नाही, बाहेरचं दुसरंही कुणी नाही.”

“खोलीची किल्ली?”

“देवघरात.”

नीलेशचा धाकटा भाऊ नवीन दाराला टेकून उभा होता. ठिबकचे पाइप जोडून नुकताच परतलेला. बोटांवर वाळलेलं, पाइप चिकटवायचं सोल्युशन नखाने खरवडत होता.

“तू खेळतोस यातलं?” नानांनी विचारलं.

“मी? भाऊ हात लावू देईल तर ना! पण नाना, तुम्ही पुस्तकवाले. हे तुम्हाला काय कळणार?”

नानांना ते पटलंच. त्यांनी कॅसेट उलटी केली. मागे त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी: ७३, पुढे लाल शाईत अ. कड नखाने उचलून पाहिली. सुटेना. खालचं प्लास्टिक सुरकुतलं होतं.

गप्प बसलं तर अब्रू राहील. पावणेचार झाले होते. रत्ना भिंतीला पाठ लावून उभी होती.

“माझी एक चूक सांगतो,” ते म्हणाले. “यादीत दोन कॅसेटींना त्र्याहत्तर नंबर पडला होता. लाज वाटली. संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्ताने आलो, रत्नाकडून किल्ली घेतली आणि या कॅसेटवर नवी चिठ्ठी लावली. लाल अ तेव्हाचा.”

“हो, आले होते,” रत्ना म्हणाली. “मला वाटलं, कसर लागू नये म्हणून ठेवलेला कडुनिंबाचा पाला बदलायचा असेल.”

“मग?” नीलेश गुरकावला.

“मी चिठ्ठ्या पिठाच्या खळीने लावतो. ओल्या फडक्याने सुटतात. बाकीच्या पाहा. हीच तेवढी सुटत नाही. म्हणजे संक्रांतीनंतर कुणीतरी ती काढून नकली कॅसेटवर डकवली. स्वप्नील तर दिवाळीनंतर आलाच नाही. आणि जिने प्लास्टिक वितळतं, अशी चिकटवण या घरात एकाच्याच हाताला असते.”

नवीनचं नख थांबलं.

“नवीन?” नीलेशचा आवाज उतरला.

“भाऊ… मे महिन्यात मित्राकडे खेळायला नेली होती. गाडीच्या डिकीत राहिली. दिवसभर आपल्याकडचं ऊन! वाकडी झाली. तुला तोंड कसं दाखवू? तशीच दुसरी मागवली. तू स्वप्नीलचं नाव घेतलंस, आणि मी…”

“आणि तू गप्प बसलास,” रत्ना म्हणाली.

पाइपांच्या खोक्यातून नवीनने पापडासारखी वळलेली कॅसेट काढली. नीलेशने ती हातात धरली, पण बघत मात्र तो रत्नाकडे होता.

“पिंपळनेरची पाचची गाडी मिळेल,” तो म्हणाला. “मीही येतो. निंबाआबांची माफी मागायची आहे.”

“नाना, पत्राचं उत्तर द्या माझ्याकडे,” रत्ना म्हणाली. “गाडी आधी पोचेल.”

“पोचू दे. पत्र टपालाने आलं, उत्तरही टपालानेच जाईल.”

नानांनी तिथेच बसून लिहिलं. दोनच ओळी, पहिली स्वप्नीलची, दुसरी स्वतःच्या चुकीची. मग उन्हातून चालत गेले आणि पत्र पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी झडपेवरचा हात काढला नाही.