पहिल्या गोळीचा मान

तुर्कस्तानातल्या गिरेसूनच्या वर डोंगरात, हेझलनटच्या बागांना लागून, पिस्तुलांचा एक लहानसा कारखाना आहे. तिथे सकाळचा पहिला चहा सगळे उभ्याउभ्याच पितात, कारण कुणी बसलेलं दिसलं की मालक हिकमेत बेंचं, म्हणजे हिकमेतसाहेबांचं, तोंड सुटतं. त्या गुरुवारी मात्र सादेत बसली होती, तिचा चहा गार झाला होता आणि हिकमेत बे त्याबद्दल काही बोलले नाहीत. तिच्यापुढे कापडावर तिनेच आखलेलं पिस्तूल सुटं करून मांडलं होतं.

पिस्तूल स्वस्त होतं. त्याची तिला लाज नव्हती, उलट तोच तिचा तोरा होता. शंभर वर्षं झाली, जगभरचे कारखाने पिस्तुलाची नळी त्याच जुन्या पद्धतीने झुलवतात, वर नवा रंग चढवतात आणि नवीन मॉडेल म्हणून गळ्यात मारतात. सादेतच्या पिस्तुलात नळी जागची हलतच नव्हती. नळीच्या पोटाखाली हेझलनटएवढा पोलादी ठोकळा होता, आणि गोळी बाहेर पडेपर्यंत सगळा जोर तोच अडवून धरायचा. भाग कमी, घडाई कमी, मूठ प्लास्टिकची, किंमत निम्मी. चाचणी घेणारा झेकाई पहिल्यांदा ते जोडून बघताना म्हणाला होता, "ताई, हा चमत्कार आहे चमत्कार! आणि आपले बे तो निम्म्या भावात विकणार!"

"उद्या खरेदीदाराचा माणूस येतोय," हिकमेत बे आता म्हणाले. "चाललं तर तुझं नाव. नाही चाललं तर मी परदेशी नकाशे विकत घेऊन मोकळा होतो. डिझाइनच्या खोलीत मग खोकी ठेवू."

"आणि मी?"

"तू अंकाराला जा, पोरी. तिथे हुशार माणसांना पगार देतात म्हणे."

थट्टेत बोलले, पण खोटं बोलले नव्हते.

सादेतला अंकाराचं भय नव्हतं. तिला वाईट वाटत होतं ते रुश्तू उस्तांचं, कारखान्यातल्या जुन्या कारागिराचं. त्या ठोकळ्यात अर्धा वाटा त्यांचा होता. वर्षभर दोघं त्याच्यावरून भांडली होती. "तुझ्या संगणकाला घाम येत नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवू?" असं ते म्हणायचे, आणि ती म्हणायची, "तुमच्या कानशीला तरी कुठे नकाशा वाचता येतो?" भांडता भांडता ठोकळ्याचा आकार ठरला. मग ऐन हेझलनटच्या तोडणीत म्हातारा बागेतच आडवा झाला, तो उठलाच नाही. त्याला दोन महिने झाले होते, तरी अजून काही सुचलं की ती आधी त्यांच्या बाकाकडे वळायची.

या डोंगरातल्या कारागिरांची एक जुनी रीत आहे. नव्या घडणीच्या पिस्तुलातून पहिली गोळी घडवणाऱ्यानेच झाडायची, आपल्या हाताने. फुटलं तर त्याचा हात जावा, गिऱ्हाइकाचा नको. रुश्तू उस्तांची उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. तरुणपणी बांधलेल्या पिस्तुलाने पहिल्याच गोळीला ती नेली होती. लग्नकार्यात ते थोटूक नाचवत ते सांगायचे, "माझं एक गेलं, पण गिऱ्हाइकांची दहाच्या दहा शाबूत!" आणि हसायचे.

सादेतने रीत मोडली, आणि कुणाही शहाण्या माणसाने मोडावी अशीच ती होती. तिने पिस्तूल लोखंडी घोडीत आवळलं, चापाला दोरी बांधली आणि जाड काचेमागे उभी राहिली. तिने दोरी ओढली. टक् असा आवाज आला. गोळी सुटली नाही.

झेकाईने काडतूस काढून बघितलं. त्याच्या बुडाला ओरखडासुद्धा नव्हता. दुसरं काडतूस घातलं, तिसरं घातलं, तीच गत. काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई बदलली, स्प्रिंग बदलली. काही उपयोग झाला नाही.

"पेन्सिल आण," सादेत म्हणाली.

ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत उलटी पेन्सिल सोडायची आणि चाप ओढायचा. सुई नीट आपटत असेल तर पेन्सिल उडते. घोडीत पेन्सिल हललीच नाही. झेकाईने पिस्तूल सोडवून हातात घेतलं आणि चाप ओढला. पेन्सिल तशीच पडून राहिली.

मग सादेतने हातात घेतलं. पेन्सिल छताला आपटून खाली आली.

पुन्हा झेकाईने घेतलं, पेन्सिल हलेना. पुन्हा सादेतने घेतलं, पेन्सिल छताला.

"पकडीत फरक असेल," ती म्हणाली.

"असेल," झेकाई म्हणाला, पण पिस्तूल त्याने पुन्हा हातात घेतलं नाही.

तिने सगळं परत सुटं केलं आणि एकेक भाग भिंगाखाली धरला. ठोकळ्याच्या पोटाशी एक तिरपी रेघ होती, नखाच्या रुंदीची, कानशीच्या एकाच हाताची. रुश्तू उस्ता काम मनाजोगतं झालं की अशी रेघ ओढायचे. पण हा ठोकळा मंगळवारी यंत्रातून निघाला होता.

"झेकाई, कानस तू लावलीस?"

"माझ्या सात पिढ्यांनी नाही लावली, ताई." तो बाकाकडे बघत होता. उस्तांची कानस भिंतीवरच्या खिळ्याला होती तशीच होती. तिच्या दात्यांत मात्र पोलादाचा ताजा चुरा चमकत होता.

"झाडून घे तो," सादेत म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज बारीक वाटला.

शुक्रवारी खरेदीदाराचा माणूस आला. जाडजूड, गप्प गृहस्थ. चहा नको म्हणाला, तेव्हाच हिकमेत बेंचा चेहरा पडला. सादेतने घोडीकडे न जाता पिस्तुलात एक काडतूस भरलं आणि रेषेवर जाऊन उभी राहिली.

"हातात?" हिकमेत बे ओरडले. "वेड लागलंय का? हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचंय?"

"घडवलं मी, बे. मान माझा."

झेकाई काहीतरी पुटपुटला. बहुतेक दुआ असावी.

तिने पिस्तूल उचललं. मूठ कोमट होती. खोली थंडगार, पिस्तूल रात्रभर कपाटात, आणि मूठ कोमट. तिला तंबाखूचा वास आला, त्यात मिसळलेला कानशीच्या तेलाचा. त्या खोलीत तंबाखू ओढणारं कुणी नव्हतं.

तिने चापावर बोट ठेवलं.

त्या बोटावर कुणाचं तरी बोट टेकलं. खडबडीत. पेरापाशीच संपणारं.

ते तिचं बोट ढकलत नव्हतं. फक्त झाकत होतं.

तिने चाप ओढला.

आवाज नेहमीपेक्षा बसका आला. समोरच्या निशाणाच्या कागदाच्या मधोमध भोक पडलं होतं. झेकाईने पिस्तूल तिच्या हातातून घेतलं, उघडलं आणि टेबलावर ठेवलं. नळी पोटाकडून चिरली होती. पोलाद आतून सडकं निघालं होतं. तिथून टरबुजाच्या बीएवढा कपचा उडाला होता आणि तो बाहेर पडला ती जागाही स्पष्ट दिसत होती. मुठीच्या उजव्या अंगाला, चापालगत, आरपार भोक. तिथे तिची तर्जनी होती.

सादेतने बोट उघडमीट करून बघितलं. साधं खरचटलंही नव्हतं.

जाड गृहस्थ भिंग लावून बराच वेळ ठोकळा बघत होता. "नळीचं पोलाद बदला," तो शेवटी म्हणाला. "रचनेला हात लावू नका. नळी चिरल्यावर वरचा भाग उडून या बाईंच्या तोंडावर यायला हवा होता. ठोकळ्याने जागा सोडलेली नाही. या किमतीत असं मी पाहिलेलं नाही." मग त्याने चहा मागितला.

हिकमेत बेंनी स्वतः आणून दिला. झेकाई आणि सादेतने खोलीचा कोपरा न् कोपरा झाडला, लोहचुंबक फिरवलं. कपचा सापडला नाही.

संध्याकाळच्या आत सादेत चिरलेली नळी खिशात घालून उस्तांच्या घरी गेली. तिकडे आपलं माणूस घरामागच्या बागेतच पुरतात, त्यामुळे कबरीशी जायचं म्हणजे परसात जायचं. उस्तांची बायको मकबुले काकू तिथेच कोबीची पानं खुडत होती.

"काकू, आमचं पिस्तूल पास झालं," सादेत म्हणाली आणि तिला रडू आलं. "त्यांना सांगायला आले."

"सांग की. आज घरीच आहे तो," काकू म्हणाली. "दुपारच्या नमाजानंतर माझा जरा डोळा लागला, तर दारात उभा. खुशीत होता मेला! उजवा हात पाठीमागे लपवून. म्हटलं, दाखव काय आणलंस. दाखवेल तर शपथ! म्हणतो कसा, आता उरलेलंही गेलं, मकबुले, पण तू ओरडू नकोस."

"उरलेलं काय?"

"मला काय ठाऊक! त्याचं बोलणं जिवंतपणी तरी कुठे कळायचं?" काकूने पानं टोपलीत टाकली. "आणि हे बघ, कोण कार्टी इथे खेळतात देव जाणे. काल संध्याकाळी पाणी घातलं तेव्हा नव्हतं हे."

कबरीच्या उशाशी लाकडी फळी होती, नाव कोरलेली. नावाच्या खाली लाकडात काहीतरी चमकत होतं. सादेतने ते नखाने उकरून काढलं आणि खिशातली नळी बाहेर काढली.

कपचा चिरेत बरोबर बसला. फळीला पडलेल्या भोकातून काहीतरी दाट आणि गडद खाली ओघळत होतं. काकूने डोईवरच्या रुमालाच्या टोकाने ते हळूच टिपलं, जखम टिपावी तसं.