दुसऱ्या कडव्यातली थाप

"पुन्हा तोच ठणाणा," विनी माझ्या कानाशी पुटपुटली. "बाकीची गाणी काय मेली का?"

आणि जीभ चावून गप्प झाली. तो शब्द त्या हिवाळ्यात माझ्या पबात कुणी काढत नसे.

इंग्लंडमधल्या हल बंदरातली हेसल रोड ही मासेमारांची वस्ती. विनीचा मुलगा डेरेक ज्या जहाजावर होता, त्याचा आइसलंडकडून बरेच दिवस काही निरोप नव्हता. "उशीर झालाय," एवढंच सगळे म्हणत. नवरा निघतो त्या दिवशी कपडे धुतले तर समुद्र त्याला धुऊन नेतो, असं आमच्याकडे मानतात. डेरेकच्या बायकोनं, मॉरीननं, तो दिवस अजून संपूच दिला नव्हता. त्याचा शर्ट तसाच मळका घडी करून ठेवलेला.

ते गाणं डेरेकचं. देशभर पहिल्या नंबरावर होतं तेव्हा किनाऱ्यावर असला की आमच्या ज्यूकबॉक्सवर, नाणं टाकून गाणी वाजवायच्या पेटीवर, तेच लावायचा. वाजवून वाजवून तबकडीला ओरखडा पडला. दुसऱ्या कडव्यात सुई अडकायची, एकच ओळ घोळत राहायची. मग तो पेटीच्या बाजूवर तळहाताची थाप द्यायचा आणि गाणं पुढं सरकायचं. "आले डॉक्टर!" म्हणून लोक हसायचे.

गाणं नंबरांतून उतरल्यावर पेटीवाल्या स्टॅननं रिवाजाप्रमाणे ती तबकडी काढून दुसऱ्या गाण्याची बसवली, जुनी मॉरीनला दिली. तरी पेटीत तेच गाणं वाजायचं. मी स्टॅनला बोलावून पेटी उघडायला लावली.

"ही बघ, नवीनच आहे आत," तो म्हणाला. "तूच थोडी कमी पीत जा, राणी."

विनी माझ्या कानाशी पुटपुटली त्या दुपारी मात्र तोही तिथंच होता. हातातला ग्लास तसाच धरून.

मॉरीननं पिशवीतून मळक्या शर्टात गुंडाळलेली तबकडी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"आई, हे गाणं इथं आहे," ती विनीला म्हणाली. "मग ते काय वाजतंय?"

दुसरं कडवं आलं.

सुई अडकली. एकच ओळ घोळू लागली.

पेटीजवळ कुणी नव्हतं.

थाप पडली. तळहाताची, ओळखीची. गाणं पुढं गेलं.

मॉरीनचा चेहरा उजळला. "बघा! आलाय तो! म्हटलं नव्हतं मी?"

विनी उठली. खुर्च्यांना धरत पेटीपाशी गेली. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं काचेवर हात ठेवला.

"डेरेक," ती हळूच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नाही का रे बाळा? बुडालास तू."