आस्काने उतरलेली काल्डा

कोल्ब्रूनची लेक ड्रीफा, ड्रीफाची लेक स्नेल्दा, आणि स्नेल्दाची लेक आस्का. हा घोड्यांचा वंश आमच्या घरचा म्हणून साऱ्या खोऱ्यात ओळखला जातो. पण कोल्ब्रून मूळची आमची नव्हे. ज्वालामुखीच्या राखेने आमची कुरणे विषारी केली आणि एकाच वसंतात सारा कळप मेला, तेव्हा काल्डा नदीपलीकडच्या गुद्लॉयग बाईंनी आपली बसायची घोडी, ही कोल्ब्रून, माझ्या आईच्या हाती दिली. मोबदला घेतला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा, थोरगिल्सचा, कळप कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडला गेला. आता पाळी आमची होती. आस्काची दोन वर्षांची शिंगरी त्याला नेऊन द्यायची, असे मी ठरवले आणि तसा निरोप धाडला.

"आई, पंच्याहत्तरीत नदी उतरणार?" माझी लेक ओड्नी म्हणाली. "गाडीत घालून पुलावरून नेऊ की!"

"पत्र्याच्या डब्यात कोंबून? या वंशाची घोडी दुसऱ्याच्या दारात स्वतःच्या पायांनी जाते. खोगीर चढव."

ऑगस्टच्या एका सकाळी आम्ही निघालो. मी आस्कावर, ओड्नी तिच्या ब्लेसीवर, मागे एक जादा घोडा, आणि शिंगरी मोकळी. काळ्या वाळूच्या वाटेवर आस्काने टोल्टची, न हिंदकळणारी चाल धरली. मान उंच, आयाळ डोळ्यांवर, खुरांचा एकसारखा ताल. पाठीवर बसलेल्याला आपण चाललो आहोत की कुणी अलगद वाहून नेत आहे, हेच उमगू नये! अशी चाल शिकवता येत नाही. ती रक्तातूनच यावी लागते.

शेवाळलेल्या लाव्हाच्या खडकांत धुक्याने आम्हांला गाठले. वाट दिसेना. शेवटी मेंढपाळांच्या झोपडीत थांबावे लागले. धुके विरले तरी ओड्नीने लोण्यात माखलेला वाळका मासा पुढे सरकवून आणखी एक कप कॉफी ओतली, आणि मीही दातांत साखरेचा खडा धरून ती प्यायले. हिमनदीचे पाणी सकाळीच उतरायचे असते, हे दोघींनाही पाठ होते! ऊन चढले की वितळलेला बर्फ नदीला फुगवतो.

काल्डा फुगलीच होती. राखाडी, गढूळ, गरजती!

"नेहमीच्या दगडांच्या खुणेपाशी पाणी बघ कसं शांत आहे," ओड्नीने बोट दाखवले. "तिथूनच घालू."

आस्का जागची हलेना. मी टाच मारली. तिने कान मागे पाडले, नाक पाण्याला लावले आणि वर, जिथे पाणी फेसाळत उड्या मारत होते, तिकडे तोंड वळवले. फेस म्हणजे तळाशी दगड. शांतता म्हणजे खोल डोह. मी लगाम सैल सोडला.

"माझ्या मागोमाग ये! पाण्याकडे बघू नकोस, पलीकडचा काठ बघ!"

पाणी गुडघ्यापर्यंत. मग पोटापर्यंत. थंडीने पाय बधिर झाले. निम्मे पात्र ओलांडले आणि बर्फाचा एक ठोकळा येऊन शिंगरीच्या बरगड्यांवर आदळला. ती कोलमडली. वाहू लागली!

"आई, वळू नकोस!" ओड्नी किंचाळली.

वळणारी मी नव्हतेच. आस्का वळली! तिचे पाय तळापासून सुटले, ती पोहू लागली. मी आयाळ मुठीत आवळली. प्रवाहाला पाठ देऊन ती लेकीच्या खालच्या अंगाला गेली आणि धारेला आडवी झाली. शिंगरी येऊन तिच्या कुशीला धडकली. तिथेच टेकून राहिली. दोघी तशाच तिरक्या, तसूतसूने काठाला लागल्या.

काठाजवळ थोरगिल्स दोर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उभा होता.

"स्टेनवर, बुडायलाच आलीस का?" मला ओढून घेत तो ओरडला.

"बुडायचं असतं तर नवं खोगीर घातलं असतं का?"

तो हसला, आणि थरथरणाऱ्या शिंगरीकडे बघत म्हणाला, "पुष्कळ झालं मला. उमदी होईल ही."

मागून ओड्नीही काठाला लागली. आस्का लेकीचे अंग चाटत होती. मी खोगीर उतरवले आणि आस्काचाच लगाम त्याच्या हातात दिला.

"आई!" ओड्नी म्हणाली.

"वेडी झालीस? ही तुझी बसायची घोडी!" थोरगिल्स म्हणाला.

"तुझ्या आईनेही आपली बसायचीच दिली होती. शिंगरी माझ्याबरोबर परत जाईल."

त्याने ओला हात आस्काच्या पोटावरून फिरवला आणि तो थबकला. "ही गाभण आहे."

"कोल्ब्रूनही होती," मी म्हटले. "आता फिटलं."