तिसरं नको

बोस्टनहून शॅननला निघालेल्या रात्रीच्या विमानात नूला मक्नमारा बिझनेस क्लासमध्ये बसली होती, आणि पोटात सकाळच्या टोस्टपलीकडे काही नव्हतं.

बाप मंगळवारी पहाटे गेला. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात मयत तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला घरातून निघतं. पोरगी अमेरिकेत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते म्हणून पाद्री थांबत नाही, आणि शेजारणींनी केलेली सँडविचेसही थांबत नाहीत. विमानात मागे एकही जागा नव्हती. फिलोमिना मावशीने वीस वर्षं रोमच्या यात्रेसाठी साठवलेले विमानाचे पॉइंट्स एका फोनमध्ये उडवले आणि बजावलं, "देतील ते सगळं खा. पोपला टांग मारून तुला पाठवतेय."

पण नूला वाढली त्या गावात कुणी काही पुढे केलं की आधी 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा केलं की 'खरंच नको'. तिसऱ्यांदा 'बरं, आता एवढं म्हणताय तर...' म्हणून भरपेट जेवायचं. पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणणारा एक तर चार दिवसांचा उपाशी असतो, नाहीतर डब्लिनचा. तिसऱ्यांदाही 'नको' आलं तर मात्र ते खरं. मग पुन्हा विचारत नाहीत.

एअर होस्टेस टेक्सासची होती. तिने मासा हवा का विचारलं, नूला नको म्हणाली, आणि ती गोड हसून मासा घेऊन चालती झाली. मग चीज गेलं. मग आइस्क्रीम गेलं. नूला फुकट मिळालेले मोजे घालून त्या ताटांची अंत्ययात्रा बघत राहिली.

"पूर्व क्लेअरच्या ना तुम्ही?" शेजारून आवाज आला. "आमच्या पश्चिमेकडचे निदान पाव तरी ठेवून घेतात."

आवाज खालून आला होता. शेजारी एक लांबलचक माणूस उताणा पडला होता. विमान सुटल्यावर त्याने एक बटण दाबलं, खुर्चीचा पलंग झाला, आणि आता त्या पलंगाला पुन्हा खुर्ची व्हायचं नव्हतं. तीन जणींनी ओढून पाहिलं होतं. नाव डर्मट हेहिर, धंदा लिफ्टदुरुस्तीचा.

"वीस वर्षं लोकांना अडकलेल्या लिफ्टमधून काढतोय," तो छताकडे बघत म्हणाला. "देवाला भारी विनोद सुचतात."

मग त्याने होस्टेसला बोलावून घेतलं आणि पडल्या पडल्याच समजावलं की या बाईंना तीनदा विचारावं लागतं, धर्माचा प्रश्न आहे. होस्टेस धर्माच्या बाबतीत फार जपून वागणारी होती. तिने हात जोडून, अत्यंत गंभीरपणे, तीनदा आइस्क्रीम विचारलं. मंगळवारनंतर नूला पहिल्यांदा हसली.

आणि हसता हसता तिची नजर त्याच्यावर गेली. छातीपर्यंत पांघरूण, त्यावर जुळवलेले हात, चेहऱ्यावर छोट्या दिव्याचा उजेड... तिचा चमचा वाडग्यातच राहिला. डोळे घळाघळा वाहायला लागले.

"माझं काही चुकलं का?"

नूलाने सांगितलं. आजची रात्र बापाशेजारी जागवायची होती. घरी पुढच्या खोलीत त्याला असाच ठेवला असेल, भोवती गाव बसलं असेल, चहा चालला असेल, त्याच्या गोष्टी निघत असतील. उद्याचं दफन काय, ते पाद्रीचं काम. घरच्यांची असते ती रात्र, आणि ती एकदाच येते. एकुलती एक पोरगी मात्र समुद्रावर आइस्क्रीम खातेय.

डर्मटने छातीवरचे हात पुन्हा नीट जुळवले.

"मग इथेच जागवू या," तो हळूच म्हणाला. "आडवं पडायचं काम... माझ्याकडे आहेच."

"असलं काही बोलू नका."

"तुमचे वडील हसले असते की रागावले असते?"

तिने विचार केला. "हसले असते. वर तुमच्या तोंडात पाइप कोंबला असता."

"मग सांग त्यांच्याबद्दल. मी कुठे पळून जात नाही."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

तिने सांगितलं. मॅटी मक्नमारा एकदा चुकून भलत्याच मयताला गेला. रांगेत उभा राहून सगळ्यांशी हात मिळवले, रडला, दोन ताटं जेवला आणि घरी येऊन म्हणाला, फार भला माणूस होता हो, कोण होता कुणास ठाऊक. डर्मट इतका हसला की पलंग करकरला, पण उठला नाही तो नाहीच.

"मी अमेरिकेला निघाले तेव्हा दोनदा म्हणाला, जाऊ नकोस. तिसऱ्यांदा म्हणालाच नाही." तिने नाक पुसलं. "मी वाट बघत होते. वाटलं, याला नकोच आहे मी..."

"वेडी आहेस." त्याने पहिल्यांदाच मान तिच्याकडे वळवली. "तिसऱ्यांदा विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर ते खरं झालं असतं. त्याने दार उघडं ठेवलं."

दोन खुर्च्यांमधल्या फटीतून त्याचा हात आला. नूलाने तो धरला. मयताचा हात धरायचाच असतो, तिने स्वतःला समजावलं. पण मयताचा हात इतका ऊबदार नसतो.

उतरताना पलंग चालत नाही, म्हणून डर्मटला होस्टेसच्या आसनावर पट्टे बांधून बसवलं. ते आसन उलटं असतं. त्यामुळे ढगांतून खाली येईपर्यंतची वीस मिनिटं त्याला नूलाकडे बघण्याखेरीज इलाज नव्हता, आणि तिलाही. दोनदा तिने खिडकीकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही.

विमानतळावर त्याने भाड्याच्या गाडीतून घरी सोडू का विचारलं. नको, खरंच नको, बरं आता एवढं म्हणतोस तर.

नूलाच्या आईची नजर गेल्या वर्षीपासून जवळजवळ गेली होती. तिने दारातच लेकीचा चेहरा बोटांनी चाचपला आणि विचारलं, जेवलीस का? मग नूला बापाशेजारी बसली, अकरापर्यंत.

शवपेटी उचलायला सहा खांदे लागतात, पाचच निघाले. सहावा डर्मट. तो इतका उंच की पेटी एका बाजूला कलली, आणि मॅटी शेवटच्या प्रवासाला जरा वाकडाच गेला. रांगेतल्या बायका कुजबुजल्या, त्यालाही हेच आवडलं असतं.

दफनानंतर पबमध्ये सूप चाललं होतं. बाहेर भिंतीपाशी झिमझिम पावसात दोघं उभी होती. डर्मटने आपल्या आईचं इथलं घर विकलं होतं. फक्त किल्ली द्यायला आला होता. रविवारी बोस्टनचं परतीचं विमान. इथे आता त्याचं काही उरलं नव्हतं.

"नूला... रविवारी माझ्याबरोबर चल."

खिडकीतून तिला आई दिसत होती. कप किती भरला ते कळावं म्हणून ती कपात बोट घालून चहा ओतत होती.

"नको," नूला म्हणाली.

पाऊस त्याच्या भुवयांवरून ठिबकत होता. "चल गं."

"नको... आईला कोण आहे, डर्मट?"

त्याने तोंड उघडलं. तिचं उत्तर तिच्या जिभेवर आलेलं होतं, आणि ते काय असेल हे दोघांनाही ठाऊक होतं. मग त्याने तोंड मिटलं, टोपी घातली, तिचा गार हात एकदा दोन्ही हातांत घेतला आणि गाडीकडे गेला.

नूला आत येऊन आईशेजारी बसली.

"गेला का गं तो उंच?"

"गेला."

"किती वेळा विचारलंन?"

"दोनदा."

आईने चाचपत कप तिच्यापुढे सरकवला. बाहेर गाडी वळणावर एकदा थांबली, आणि पुढे गेली.

"मग एक राहिलंय," आई म्हणाली. "चहा पी, गार होतोय."