देऊळघाटला थांबलेली यादी

चिखलीच्या भाजीपाला संघाचे अध्यक्ष रंगराव सत्यभामाबाईंच्या ओसरीवर आले, तेच चहाला नको म्हणत.

"बाई, उद्या कांद्याचं बी वाटाचं हाये, अन् यादीत उंद्री गावाचं एकबी नाव नाही. टाइप करणारी रुख्मिणी, आमच्या शालिग्राम ड्रायव्हरची बायको, ती गरीब गाय. हे काम त्या अन्नपूर्णाचं. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर तिले काढतो."

संघात नवा संगणक आला, पण जुन्या यंत्रातल्या फायली त्याला वाचता येईनात. त्या नव्या साच्यात बदलून देणारी आज्ञावली अन्नपूर्णानं महिनाभर खपून लिहिली होती.

कोर्टातली कारकुनी सोडून सत्यभामाबाई लोकांची अशी कोडी सोडवू लागल्या, तेव्हापासून त्यांची स्कूटर पुंजाजी चालवत असे. रस्त्यातच त्यानं निकाल दिला. "म्हातारा कारकून असंल. यंत्र आलं का त्याचं पोट जाते."

"मग त्यानं उंद्रीच काऊन उडवली?"

पुंजाजीनं गिअर बदलला.

संघाच्या कचेरीत अन्नपूर्णानं काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली: 'बदल', पुढे जुन्या फायलीचं नाव, मग नव्या फायलीचं.

"हे करते काय?" बाईंनी विचारलं.

"एकेक नाव उचलते, नव्या साच्यात ठेवते. नावाची जागा रिकामी आली का फाईल संपली समजते, अन् थांबते. जानेफळ गावावर चाचणी केली होती, बरोबर निघालं."

बाईंनी छापील यादी पाहिली. जानेफळ पूर्ण होतं. देऊळघाट मात्र अर्धंच; शेवटचं नाव शंकरराव. त्यापुढचं उंद्री नव्हतंच.

"रंगराव, देऊळघाटवाले नाही ओरडले?"

"त्यायले अजून दाखवली कुठं?"

कारकून माणिकरावांनी कपाटातून जुन्या यंत्राची यादी काढली. तिच्यात सगळी गावं होती. शंकररावांच्या खालचं एक नाव तेवढं शाईनं लिहिलेलं होतं: शालिग्राम.

"हे हातानं?"

"छापाचं राह्यलं असंल. भरलं मी." माणिकराव चष्मा पुसू लागले.

रुख्मिणी खिडकीशी बसली होती. मांडीवरची तान्ही गोदी दूध पिऊन खुशीत होती, पण आईचं बोट काही सोडत नव्हती.

"इथं मागून कोणी आलं असंल?" बाईंनी विचारलं.

"नाही जी. किल्ली गोदीच्या बाबाकडं राहते."

"नाव काय त्यांचं?"

"माणिकरावकाका सांगतील."

पुंजाजीनं बाईंना कोपरानं ढोसलं. "किल्ली! सापडला."

"सापडलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळ्यांना बसवून घेतलं.

"उंद्रीवर कोणाचा राग असता, तर अर्धं देऊळघाट गेलं नसतं. यादी कोणी कापली नाही. ती रिकाम्या जागेपाशी थांबली. ती जागा जुन्या फायलीतही रिकामीच होती. जुनं यंत्र ती तशीच सोडून पुढे छापायचं, अन् माणिकराव शाईनं भरायचे. जानेफळमध्ये तशी जागा नव्हती, म्हणून चाचणीत कळलं नाही."

"पण नाव गाळलं कोणी?" रंगरावांनी विचारलं.

बाई रुख्मिणीकडे न पाहता बोलल्या. "ज्या बाईला नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ती त्याच नावाच्या परक्या माणसाचंही घेत नाही. मी विचारलं तरी घेतलं नाही. टाइप करणं म्हणजे तिच्या लेखी घेणंच."

माणिकराव हळूच म्हणाले, "लग्न होऊन आली तवापासून भरतो मी. लेकीसारखी हाये. चारचौघांत कसं सांगू?"

"अन्नपूर्णाताई, तुमची नोकरी जाऊन राह्यली होती अन् मी चूप बसली," रुख्मिणी म्हणाली. "यादी माझ्यापायी थांबली, हे मले खरंच समजलं नाही."

"चूक माझीबी हाये. रिकामं दिसलं का थांबायचं नव्हतं, विचारायचं होतं." अन्नपूर्णानं जुन्या यंत्रावर ती फाईल उघडून दिली.

माणिकरावांचा हात सवयीनं पेनाकडे गेला. पण रुख्मिणीच गोदीला घेऊन यंत्रापुढे बसली. तिनं लेकीचं इवलंसं बोट धरलं आणि एकेका बटणावर टेकवलं. लेकीला बापाच्या नावाची बंदी नव्हती. शेवटचं बटण गोदीनं आपल्या मनानं दोनदा दाबलं. जास्तीचं अक्षर अन्नपूर्णानं खोडलं.

मग तिनं 'बदल'ची ओळ पुन्हा टाकली. छपाईयंत्र किरकिरू लागलं. शंकररावांच्या खाली शालिग्राम आला, मग उरलेलं देऊळघाट, मग उंद्री.

"म्हणजे किल्लीचं काहीच नाही?" पुंजाजीनं विचारलं.

रंगरावांनी यादी शेवटपर्यंत वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि दारातून मागं न वळताच ते म्हणाले, "अन्नपूर्णा, उद्या जरा लवकर ये. बी वाटाचं हाये."