पिनबॉलच्या फळीवरची बाई

दार लोटून घे रे, आणि मधे कुणी खिदळू नका. हे आमच्या पेंटरच्या बाबतीत घडलेलं आहे. माझं वायरिंगचं दुकान त्याच्या शेजारीच होतं.

त्याच्या एका मित्राची विधवा जुना पिनबॉल घेऊन आली. स्प्रिंग ओढली की काचेखाली लोखंडी गोळी धावते, तो खेळ. गोळीनं खालच्या लाकडी फळीवरचं चित्र पार झिजवलं होतं. सर्कशीच्या झोक्यावरून झेपावणारी बाई, आणि तिला झेलणारा गडी. त्यातल्या बाईचा चेहरा त्या मित्रानं, तोही पेंटरच, मरण्यापूर्वी नव्यानं रंगवला होता, थेट आपल्या बायकोसारखा.

"भावजी, झेलणाऱ्याचा चेहरा तेवढा करा. ह्यांच्या कामाला हात लावू नका," ती म्हणाली.

भावजी! पेंटरला ते झोंबलं. तरुणपणी त्यानंही तिला मागणी घातली होती, पण तिनं मित्राला पसंत केलं. "मेला तरी माझ्या पुढेच आहे बघ," तो मला म्हणाला. नुसता जळत होता.

त्यानं झेलणाऱ्याला गुपचूप स्वतःचा चेहरा दिला. नाक, भुवया, सगळं. तरी पोटातली आग शमेना. मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी, रात्री एकच्या सुमारास, त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि बाईचा चेहरा घासून काढला. पार लाकूड लागेपर्यंत. मग आपल्या हातानं नवा रंगवला, सुकवला, सगळ्या फळीवर लॅकरचा पारदर्शक थर मारला. दिवा मालवून तिथेच बाकावर आडवा झाला.

अंधारात आवाज आला.

खर्र... खर्र...

उंदीर असेल.

"कोण आहे?"

पुन्हा खर्र... खर्र... मग फुंकर.

दोनदा घासायचं, मग फुंकर मारायची. मित्र असंच काम करायचा.

पेंटर हलला नाही. दिव्याकडे हात जाईना. खर्र... खर्र... फुंकर. त्याच्या गालावर बारीक भुसा उडाला...

सकाळी ठरल्याप्रमाणे ती आली. फळी पाहिली आणि तिचे डोळे भरले. "ह्यांचं काम तसंच ठेवलंत. मला उगीच भीती वाटत होती."

पेंटर पुढे झाला. बाईचा चेहरा मित्राच्या हातचा होता. जसाच्या तसा.

"पण भावजी, झेलणाऱ्याचा चेहरा अजून केलाच नाहीत?"

झेलणाऱ्याच्या मानेवर नुसतं कोरं लाकूड. पेंटरनं त्यावरून बोट फिरवलं. वर लॅकर होतं. कडक, गुळगुळीत. कुठेही ओरखडा नव्हता.